हिवाळा कुठे गेला? ‘द बिग पिक्चर’ (१९८९) : एक प्रकरण अभ्यास

फिल्म स्कूलमधून नुकताच बाहेर पडलेला एक मुलगा स्टुडिओतल्या बड्या साहेबाच्या केबिनमध्ये बसला आहे. विद्यार्थ्यांच्या लघुपटांतलं पहिलं बक्षीस त्याने पटकावलंय आणि त्या एका बक्षिसावर त्याला इथे बोलावणं आलंय. त्याच्या डोक्यात एक गोष्ट आहे. बर्फात अडकलेलं घर, आत तारुण्य मागे टाकलेली काही माणसं, त्यांच्यातला प्रेमाचा गुंता, आणि हे सगळं कृष्णधवल. साहेब ऐकून घेतो. गोष्ट आवडली म्हणतो. आणि मग एक साधी शंका काढतो : हिवाळाच कशाला?

पुढे त्या गोष्टीचं काय होतं, हा ‘द बिग पिक्चर’ या विनोदी चित्रपटाचा विषय. हिवाळ्याचा उन्हाळा होतो. बर्फातल्या घराच्या जागी समुद्रकिनारा येतो. कृष्णधवलचं रंगीत होतं, पिकल्या वयाची माणसं जाऊन कोवळी पोरं येतात. मुलगा दरवेळी मान डोलावतो.

१५ सप्टेंबर १९८९ रोजी कोलंबिया स्टुडिओचा हा चित्रपट अमेरिकेत मोजक्याच थिएटरांत लागला. तिथली त्याची तिकीटविक्री सुमारे १ लाख १७ हजार डॉलर. त्याच कोलंबिया स्टुडिओच्या, त्याच वर्षीच्या ‘घोस्टबस्टर्स २’ने अमेरिकेत ११ कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला होता. म्हणजे ‘द बिग पिक्चर’ पडला असंही म्हणता येत नाही. पडायला आधी उभं राहावं लागतं.

पडद्यावरची गोष्ट आणि पडद्यामागची गोष्ट एकाच दुखण्याने आजारी असलेला दुसरा इतका स्वच्छ नमुना माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हे प्रकरण. कलावंत विकला जातो म्हणजे नेमकं काय होतं? आपल्या मनात चित्र असतं ते सैतानाशी केलेल्या कराराचं : एक सही, एक पैशांची थैली, एक हरवलेला आत्मा. हा चित्रपट वेगळं सांगतो आणि माझ्या मते जास्त खरं सांगतो. तडजोड खुर्चीशी होते, आणि खुर्चीवरचा माणूस बदलतो. ज्याच्यासाठी गोष्ट मोडली तोच पिक्चर पुरा होईपर्यंत जागेवर नसतो. माल मोडून बसलेला असतो आणि गिऱ्हाईक निघून गेलेलं असतं.

निक चॅपमनचे होकार

मुलाचं नाव निक चॅपमन. भूमिका केव्हिन बेकनची. दिग्दर्शक ख्रिस्तोफर गेस्ट यांचा हा पहिलाच कथापट; पटकथा त्यांनी मायकेल व्हारहोल आणि मायकेल मॅक्कीन यांच्यासोबत लिहिली. गेस्ट आणि मॅक्कीन जुने जोडीदार. १९८४ साली एका काल्पनिक रॉक बँडवर निघालेल्या ‘धिस इज स्पायनल टॅप’च्या लेखनात आणि अभिनयात दोघेही होते. या पिक्चरमध्ये मॅक्कीन स्वतः एमेट हे पात्र करतात. एमेट हा निकचा जिवलग मित्र आणि त्याचा कॅमेरामन. या प्रकरणाचं मर्म एमेटपाशी आहे.

बक्षीस मिळाल्या मिळाल्या निकला एजंट चिकटतो. मार्टिन शॉर्ट यांनी ही छोटी भूमिका श्रेयनामावलीत नाव न देता केली आहे, आणि ती अजून लोकांच्या लक्षात आहे ती एका प्रसंगामुळे. एजंट निकला सांगतो की तुझी-माझी ओळख नाही, तुझं काम मी पाहिलेलं नाही, पण तू अतिशय गुणी मुलगा आहेस. हे तो कुठलाही आडपडदा न ठेवता म्हणतो. प्रेक्षक हसतात. पण निक हसत नाही, कारण त्याला हे ऐकायचंच आहे. काम न पाहता कुणीतरी ‘गुणी’ म्हणावं ही भूक कुठल्याही नव्या माणसाला असते आणि तिची लाज वाटण्याचं कारण नाही. पण जो काम न बघता कौतुक करतो तो काम न बघताच ते मोडायलाही सांगू शकतो, हे त्या क्षणी ध्यानात येत नाही.

साहेबाचं नाव ॲलन हेबल. जे. टी. वॉल्श यांनी हा माणूस असा उभा केलाय की त्याचा राग करणं अवघड व्हावं. तो ओरडत नाही, धमकावत नाही, समजूतदारपणे विचारतो. त्याची एकेक सूचना सुटी घेतली तर पटण्यासारखीही आहे. उन्हाळ्यात बाहेरचं शूटिंग सोपं. थिएटरात जाणारा प्रेक्षक बहुतांशी तरुण, मग पडद्यावरही तरुण का नकोत? आणि रंगाचं तर विचारूच नका. त्या दशकात टीव्ही आणि व्हिडिओ कॅसेट हे कमाईचे मोठे मार्ग झाले होते आणि कृष्णधवल म्हटलं की विकत घेणारे नाक मुरडत. जुने अभिजात कृष्णधवल चित्रपट संगणकाने रंगवून टीव्हीवर दाखवायचा सपाटा टीव्ही वाहिन्यांचे मालक टेड टर्नर यांनी याच काळात लावला होता. दिग्दर्शकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, प्रकरण अमेरिकी काँग्रेसपर्यंत गेलं आणि १९८८ साली चित्रपट-जतनाचा कायदा झाला. बनून गेलेल्या, लोकांनी डोक्यावर घेतलेल्या पिक्चरचं कृष्णधवल वाचवायला जिथे नामवंतांना कायदेमंडळाची पायरी चढावी लागली, तिथे एका विद्यार्थ्याच्या न बनलेल्या पिक्चरच्या कृष्णधवलची काय कथा?

तर मग निकने कुठली सूचना मान्य करायची आणि कुठे अडून बसायचं? हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. सामान्यतः लोक म्हणतात, छोट्या गोष्टी सोडा, मोठ्या धरून ठेवा. अडचण ही की सोडताना कुठली गोष्ट मोठी आहे ते कळत नाही. हिवाळा सोडणं ही निकला छोटी गोष्ट वाटते. खरं तर हिवाळा म्हणजेच त्याची गोष्ट आहे. बाहेर बर्फ आहे म्हणून माणसं घरात कोंडलेली आहेत, आणि कोंडलेली आहेत म्हणून त्यांना एकमेकांच्या नजरेला नजर द्यावी लागते. किनाऱ्यावर काय अडलंय? ज्याला भांडण नको तो उठून चालू लागेल. बर्फ गेला की दार उघडं पडलं, आणि दार उघडं पडलं की नाट्य संपलं. त्यानंतर वय बदला, रंग बदला, माणसं बदला, फरक पडत नाही, कारण आता ती सगळी नुसती सजावट आहे. ‘हिवाळाच कशाला?’ या प्रश्नाला निककडे उत्तर होतं. साहेबाने ते ऐकून घेतलं असतं की नाही, तो भाग वेगळा. निकने ते दिलंच नाही.

का दिलं नाही? पैशाचा लोभ हे कारण मला चित्रपटात दिसत नाही. निकला पिक्चर बनवायचाय, एवढंच. महत्त्वाकांक्षेचं हे रूप लोभापेक्षा अवघड, कारण ते बाहेरून निष्ठेसारखं दिसतं. ‘आधी बनू तर दे, मग बघू’ हे वाक्य तडजोड करणारा बोलतो तसं जिद्दीचा माणूसही बोलतो. निकच्या डोक्यात सतत जुन्या सिनेमांच्या ढंगातली स्वप्नदृश्यं चालू असतात; स्वतःची प्रत्येक अडचण तो मनातल्या मनात पिक्चर करून पाहतो. विनोदासाठी ही युक्ती छान आहेच, पण तिच्यातून त्याचा स्वभावही कळतो. हा मुलगा आपल्या अपराधीपणाचं दृश्य रचू शकतो, प्रकाशयोजनेसकट. केबिनमध्ये तोंड उघडणं मात्र त्याला जमत नाही.

एमेट

निकच्या कथेत खरं जे तुटतं ते हिवाळ्याच्या नाही, एमेटच्या वेळी. आपला पहिला मोठा पिक्चर तूच शूट करायचास, असं निकने त्याला सांगितलेलं. स्टुडिओला अनोळखी कॅमेरामन नको आहे. हेबल आपल्या नेहमीच्या सौम्य सुरात तसं सुचवतो आणि निक एमेटला वगळतो. याच सुमारास त्याची मैत्रीण सुझनही दुरावते आणि त्याची नजर एका नटीकडे वळते. पण ती बाजू तुलनेने सरधोपट आहे, अशा गोष्टी आपण पुष्कळ पाहिल्यात. एमेटचं तसं नाही.

सिनेमा ही एकट्याने करायची कला नाही. कादंबरीकार तडजोड करतो तेव्हा पहिला घाव कादंबरीवर बसतो. दिग्दर्शक तडजोड करतो तेव्हा तो घाव बसतो शेजारी उभ्या असलेल्या माणसावर. ज्याने बिनपैशांनी रात्र रात्र दिवे लावले, ज्याच्या डोळ्यांनी ते बक्षीस मिळवलं, त्याचं नाव यादीतून निघतं. गोष्टीतला हिवाळा उद्या परत लिहिता येतो. मित्राला दिलेला शब्द परत लिहिता येत नाही. मॅक्कीन यांनी ही दुखावलेली माणुसकी कमीत कमी बोलून दाखवली आहे, आणि एवढ्या हसऱ्या पिक्चरमध्ये ते प्रसंग पाहताना छातीत काहीतरी रुततं.

विकणं म्हणजे कायद्याने काय

इथे थोडं बाजूला होऊन एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती माहीत नसेल तर निकची कोंडी नुसती मनाच्या कमकुवतपणाची वाटते. हॉलिवूडमध्ये ‘विकणं’ ही उपमा नाही. स्टुडिओने पैसे देऊन लिहवून घेतलेल्या पटकथेचा कायद्याने लेखक स्टुडिओच असतो. मोबदला देऊन करवून घेतलेलं काम असा त्याला अमेरिकी कॉपीराइट कायद्यात दर्जा आहे. श्रेयनामावलीत तुमचं नाव येईल, मालकी येणार नाही. उलट अमेरिकेतला नाटककार आपल्या नाटकाचा मालक राहतो. त्याच्या संमतीवाचून संवादातला शब्द बदलता येत नाही. एकाच देशात, एकाच भाषेत लिहिणाऱ्या दोन लेखकांत इतकं अंतर.

दिग्दर्शकाची स्थिती जरा बरी. त्यांच्या संघटनेच्या करारानुसार कथापटाचा पहिला कट, म्हणजे संकलन करून जोडलेली पहिली आवृत्ती, करायला साधारण दहा आठवडे कुणाच्या लुडबुडीशिवाय मिळतात. अंतिम कट मात्र स्टुडिओचा, अपवाद फक्त ज्याचं वजन करारात तसं लिहवून घेण्याएवढं आहे त्याचा. नव्या माणसाचं असं वजन नसतं.

म्हणजे निकच्या हातात एकच हत्यार होतं : सही करण्याआधीचा नकार. ते वापरायला धैर्यापेक्षा जास्त काहीतरी लागतं, घरभाडं भरण्याची दुसरी सोय लागते. नकार न देणाऱ्यांना भेकड म्हणून मोकळं होणाऱ्यांशी माझं म्हणून जमत नाही.

खुर्ची रिकामी होते

मग हेबलला काढून टाकतात. पिक्चरच्या दृष्टीने हा सगळ्यात धारदार क्षण. ज्या माणसासाठी निकने हिवाळा दिला, कृष्णधवल दिलं, एमेट दिला, तो माणूस एका दिवसात कुणीच उरत नाही. त्याच्या जागी येणाऱ्याला या किनाऱ्यावरच्या पिक्चरमध्ये रस नाही. प्रकल्प बंद. फोन वाजायचे थांबतात. एजंट भेटेनासा होतो.

निक काहीबाही कामं करत राहतो. शेवटी जुनी मैत्रीण लिडिया (जेनिफर जेसन ली यांनी हे तऱ्हेवाईक पात्र फार जीव लावून केलंय) आणि तो मिळून एका छोट्या बँडचा म्युझिक व्हिडिओ करतात. पैसे नाहीत, वर साहेब नाही, सूचना देणारं कुणी नाही. व्हिडिओ गाजतो. पुन्हा सगळे धावत येतात. या वेळी निक अडून बसतो आणि आपल्याला हवा तसा पिक्चर करायला मिळवतो.

हा शेवट मला पटत नाही. पिक्चरवर प्रेम असूनही म्हणतो, पटत नाही. निकला दुसरी संधी मिळते ती त्याने चूक ओळखली म्हणून नव्हे, व्हिडिओ गाजला म्हणून. व्हिडिओ पडला असता तर त्याचा पश्चात्ताप तेवढाच खरा असता आणि संधी शून्य. पटकथा ही दोन सूतं एकत्र वळते आणि आपल्याला वाटायला लावते की माणूस सरळ झाला की फोन वाजतो. विनोदी पिक्चरला गोड शेवट लागतो हे मला मान्य आहे. पण त्या शेवटाला खोडून काढणारं उत्तर याच पिक्चरच्या नशिबाने दिलं.

कोलंबियात काय चाललं होतं

कोलंबिया स्टुडिओ १९८२ पासून कोका-कोला कंपनीच्या मालकीचा होता. १९८६ साली तिथले प्रमुख गाय मॅकएलवेन पायउतार झाले. त्यांच्या कारकिर्दीत मंजूर झालेला एक महागडा विनोदी पिक्चर तेव्हा मागे उरला होता : ‘इश्तार’. दिग्दर्शन इलेन मे यांचं, भूमिकेत वॉरन बेटी आणि डस्टिन हॉफमन. मॅकएलवेन यांच्या जागी डेव्हिड पटनम आले. हे ब्रिटिश निर्माते, ‘चॅरियट्स ऑफ फायर’ आणि ‘द किलिंग फील्ड्स’ त्यांचे. बेटी आणि हॉफमन या दोघांशीही त्यांचं जुनं वाकडं होतं. ‘इश्तार’पासून ते चार हात लांब राहिले. मे १९८७ मध्ये तो लागला. ५ कोटी डॉलरच्या वर खर्च आणि अमेरिकेत सुमारे १ कोटी ४० लाखांची विक्री. जुन्या साहेबाचं मूल नव्या साहेबाने मांडीवर घेतलं नाही.

पटनम यांच्याबद्दल मला आदर आहे. स्टार मंडळींच्या मानधनावर, आणि लेखक, दिग्दर्शक, नट अशी आपलीच माणसं एकत्र बांधून स्टुडिओच्या गळ्यात मारणाऱ्या एजन्सींच्या ‘पॅकेज’वर त्यांनी उघड टीका केली. मध्यम खर्चाचे, नव्या किंवा वेगळ्या वाटेच्या दिग्दर्शकांचे पिक्चर त्यांनी हाती घेतले. स्पाइक ली यांचा ‘स्कूल डेझ’, टेरी गिलियम यांचा ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ बॅरन मुन्चाउझन’. गेस्ट यांच्यासारख्या पदार्पण करणाऱ्याला हॉलिवूडवरच विनोद करायला स्टुडिओने पैसे दिले ते याच धोरणाच्या छायेत. पण त्या टीकेने शहरातली वजनदार माणसं दुखावली होती. सप्टेंबर १९८७ मध्ये, जेमतेम वर्षभराने, पटनम पायउतार झाले. ‘द लास्ट एम्परर’ला एप्रिल १९८८ मध्ये नऊ ऑस्कर मिळाले. कोलंबियाने तो अमेरिकेत वितरित केला होता, पण तो दिवस पाहायला पटनम खुर्चीवर नव्हते.

ऑक्टोबर १९८७ मध्ये डॉन स्टील आल्या. पॅरामाउंट स्टुडिओत त्यांनी स्वतःच्या बळावर नाव कमावलं होतं, आणि मोठ्या स्टुडिओच्या सर्वोच्च खुर्चीवर बसणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. डिसेंबरात कोलंबिया आणि ट्रायस्टार हे दोन स्टुडिओ एकत्र करून नवी कंपनी उभी राहिली. या सगळ्या धामधुमीत पटनम यांच्या काळातले पिक्चर एकामागून एक तयार होऊन येत होते. साडेचार कोटी डॉलरच्या आसपास खर्च झालेल्या ‘मुन्चाउझन’च्या अमेरिकेसाठी फक्त ११७ प्रिंट काढल्या गेल्या. ‘द बिग पिक्चर’च्या वाट्याला मोजकी थिएटरं.

आणि १५ सप्टेंबरनंतर बारा दिवसांनी, २७ सप्टेंबर १९८९ ला, सोनीने कोलंबिया ३.४ अब्ज डॉलरला विकत घेत असल्याचं जाहीर झालं. खुर्च्या बदलल्याने प्रकल्प कसा मरतो हे सांगणारा पिक्चर थिएटरात होता आणि त्याला थिएटरात आणणारी कंपनी स्वतःच विक्रीला निघाली होती. त्या पंधरवड्यात कोलंबियात कुणाला १ लाख डॉलर विक्रीच्या पिक्चरकडे बघायला फुरसत असेल? पुढल्या वर्षाच्या सुरुवातीला स्टील यांनी खुर्ची सोडली. सोनीने पीटर ग्युबर आणि जॉन पीटर्स या निर्मात्यांच्या जोडीला आणलं, त्यांना सोडवून घ्यायला वॉर्नर ब्रदर्सला जबर किंमत मोजली, आणि १९९४ मध्ये या स्टुडिओपायी २.७ अब्ज डॉलर बुडीत दाखवले.

अनाथ पिक्चरचा हिशेब

असा पिक्चर दडपला जातो तेव्हा लोक एखाद्याचा आकस शोधतात. माझं म्हणणं आहे की आकसाची गरजच नाही, हिशेबच तसा बसतो. पिक्चर बनवायचा खर्च जुन्या साहेबाच्या खात्यावर पडलेला असतो. प्रदर्शनाचा खर्च, म्हणजे प्रिंट आणि जाहिरात, नव्या साहेबाच्या सहीने होतो. पिक्चर चालला तर श्रेय जुन्याचं : बघा, त्याची पारख. पडला तर प्रश्न नव्याला : यावर पैसे का घातलेत? म्हणजे खर्च करण्यात नव्याला मिळवायचं काही नाही आणि गमवायचं पुष्कळ आहे. चांगल्यातला चांगला माणूस या खुर्चीवर बसला तरी त्याचा हात आखडतो. पटनम ‘इश्तार’पासून लांब राहिले, पुढच्यांनी पटनम यांच्या पिक्चरांना बेताचंच ताट वाढलं. माणसं पार वेगळी, आवडीनिवडी वेगळ्या, आणि वागणं तेच.

अजून न बनलेल्या गोष्टीला एक पळवाट असते, तिला ‘टर्नअराउंड’ म्हणतात. स्टुडिओला रस उरला नाही तर निर्माता ती गोष्ट दुसरीकडे नेऊ शकतो. आतापर्यंतचा खर्च नव्या स्टुडिओने भरायचा. याच कोलंबियाने ‘ई. टी.’ असा सोडून दिला आणि तो युनिव्हर्सलकडे जाऊन १९८२ मध्ये तुफान चालला. पण ही वाटही निकच्या कामाची नव्हती, आणि त्याचं कारण फार बोलकं आहे. दुसरीकडे न्यायला हातात गोष्ट लागते. निककडे जी उरली होती ती हेबलच्या आवडीने मोडून-जोडून केलेली. ती फक्त हेबललाच हवी होती. बर्फातली मूळ गोष्ट शाबूत असती तर निदान दुसरं दार ठोठावता आलं असतं.

तडजोडीची ही व्यवहारी बाजू क्वचित बोलली जाते. आपण नेहमी तिला नीतीच्या तराजूत घालतो. इथे नुसत्या वाण्याच्या हिशेबानेही सौदा आतबट्ट्याचा आहे : एका गिऱ्हाइकाच्या मापाने कापड कापलं, गिऱ्हाईक गाव सोडून गेलं, आता ते कुणाच्याच अंगाला बसत नाही.

गेस्ट यांनी पुढे काय केलं

पहिला पिक्चर असा विरून गेल्यावर गेस्ट थांबले नाहीत. टीव्हीसाठी एक चित्रपट केला. १९९८ मध्ये ‘ऑलमोस्ट हिरोज’ हा स्टुडिओच्या पठडीतला विनोदी पिक्चरही केला. पण त्यांची खरी वाट दुसरीच निघाली. ‘वेटिंग फॉर गफमन’, ‘बेस्ट इन शो’, ‘अ माइटी विंड’ : थोडक्या खर्चाचे पिक्चर, त्याच त्या ओळखीच्या नटांची टोळी, हातात संवाद लिहिलेली पटकथा नाही, फक्त प्रसंगांचा आराखडा, आणि कॅमेऱ्यासमोर उत्स्फूर्त बोलणं. मला यात निकच्या कथेचं उत्तर दिसतं. ज्या पिक्चरचे संवाद आधी लिहिलेलेच नाहीत त्यावर केबिनमध्ये बसून सूचना द्यायच्या तरी कशावर? आणि खर्च थोडा असला की सूचना देणाऱ्याचा जीवही थोडाच टांगलेला असतो. ‘गफमन’ १९९७ साली अमेरिकेत वितरित केला तो सोनीच्याच एका छोट्या शाखेने. एमेटला वगळणाऱ्या निकच्या बरोबर उलट, गेस्ट यांनी आपली माणसं सोडली नाहीत. मॅक्कीन ‘बेस्ट इन शो’मध्ये आहेत, ‘अ माइटी विंड’मध्येही आहेत.

२००६ मध्ये गेस्ट पुन्हा हॉलिवूडकडे वळले. ‘फॉर युअर कन्सिडरेशन’मध्ये एका लहानशा पिक्चरचं शूटिंग चालू आहे. गोष्ट एका ज्यू कुटुंबाची, पुरिम या त्यांच्या सणाला घरी जमलेल्या माणसांची. कुठूनशी ऑस्करची कुजबुज सुरू होते आणि सेटवरची सगळी माणसं, आयुष्यभर बाजूला राहिलेले वयस्क नट, हळूहळू त्या आशेने वेडी होतात. मग स्टुडिओचा माणूस सेटवर येतो. अगदी सौम्य, हसरा. पिक्चर आवडला म्हणतो. एवढंच सुचवतो की हे ज्यूपण थोडं कमी करता येईल का, म्हणजे सगळ्यांना आपलं वाटेल. आणि पुरिमच्या जागी थँक्सगिव्हिंग हा सगळ्या अमेरिकेचा सण येतो. सतरा वर्षांपूर्वी हिवाळा गेला होता तसाच आता सण गेला.

पुरिमची ती पटकथा लिहिणारे दोन लेखक त्या पिक्चरमध्ये आहेत. त्यातला एक बॉब बालाबान यांनी केलाय. दुसरा मायकेल मॅक्कीन यांनी.